शेजारची कुरूप भिंत झाकायला उभी फुलबाग, भिंतीला हात न लावता. कशी करावी?

कोपऱ्यातली_खुर्ची

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमच्या अंगणाच्या एका बाजूला शेजाऱ्यांची भिंत आहे. ३ मीटर उंच, ४ मीटर रुंद. अर्धं प्लास्टर, अर्धी उघडी वीट, मधूनच एक पीव्हीसी पाइप खाली येतो आणि त्याच्या कडेने शेवाळाचा काळा ओघळ पार जमिनीपर्यंत. भिंत आमची नाही, त्यामुळे ड्रिल नाही, खिळा नाही, रंगही नाही. विचारून झालंय, गोडीत नाही म्हणाले, विषय संपला.

आता डोक्यात असं आहे की भिंतीसमोर स्वतःच्या पायावर उभी राहील अशी एक फ्रेम करायची, २ मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच, तिला ४०-एक कुंड्या अडकवायच्या आणि सगळी फुलांचीच झाडं लावायची. इंटरनेटवर त्या कापडी खिशांच्या हिरव्या भिंती दिसतात त्याही आवडल्यात पण त्या किती टिकतात देव जाणे. ऊन सकाळी ४ ते ५ तास, नंतर सावली. खाली फरशी नाही, मातीच आहे.

प्रश्न असे की फ्रेम कशाची करू, ती पडणार नाही ना (घरात लहान मूल आहे म्हणून हा प्रश्न पहिला समजा), खिसे की कुंड्या, आणि पाण्याचं काय? रोज ४० कुंड्यांना झारीने पाणी घालणं माझ्याच्याने होणार नाही हे आत्ताच सांगते.

---

पाना_पक्कड

स्वागत आहे ताई. पहिली गोष्ट म्हणजे फ्रेम भिंतीला चिकटवून उभी करू नका, मध्ये हात आणि झाडू दोन्ही जाईल एवढी फट हवीच, १५-२० सेंटीमीटर तरी. नाहीतर मागे पाला साठतो, ओल धरते, आणि भिंत शेजाऱ्यांची म्हटल्यावर उद्या ओल आली की नाव तुमचंच येणार.

फ्रेमसाठी चौकोनी पाइप घ्या, २५ बाय २५ मिलीमीटर, जाडी २ मिलीमीटर. १ मिलीमीटरवाला हलका पडतो म्हणून लोक घेतात, पण वेल्डिंग करताना तो जळून भोक पडतं आणि गंजायला सुरुवात तिथूनच होते. जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाइप मिळाला तर उत्तम, फक्त जिथे वेल्डिंग होईल तिथला जस्ताचा थर जळतो, तेवढ्या जागी झिंकचा प्रायमर मारून घ्या. साधं लोखंड असेल तर घासून रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंटचे दोन हात.

आता कुणी सांगत नाही ती गोष्ट. पाइपची वरची तोंडं बंद करायची, प्लास्टिकच्या टोप्या मिळतात किंवा पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घ्यायचा, आणि सगळ्यात खाली एक बारीक भोक ठेवायचं. रोज पाणी पडणाऱ्या फ्रेमच्या आत पाणी शिरतंच आणि बाहेर पडायला वाट नसेल तर पाइप आतून सडतो. वरून रंग चकचकीत, आणि एक दिवस खालच्या कोपऱ्यावर टिचकी मारली की लाल भुगा पडतो.

लाकूड वापरणार असाल तर पाय थेट मातीत पुरू नका. लाकूड सडतं ते जमिनीच्या रेषेवर, खाली नाही आणि वरही नाही, बरोबर तिथेच. कुणी पॅलेटची (माल ठेवायच्या लाकडी चौकटीची) आयडिया दिली तर त्यावरचा शिक्का बघा, एचटी असेल तर लाकडाला उष्णता दिलेली असते, चालेल. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, तसलं पॅलेट घरात आणूच नका.

पडण्याबद्दल उद्या सविस्तर लिहितो, मोबाइलवरून हिशोब टाइप होत नाहीत.

---

मोगरा_कळी

मस्त धागा, वाचतेय. आमच्याकडेही अशीच एक भिंत आहे, फक्त ती आमचीच आहे त्यामुळे शिव्या कुणाला घालायच्या हा प्रश्न :)

---

मातीत_हात

ताई, तुमचा आयडी बघून एक विचारू का, तुम्ही बसता कुठे? म्हणजे खरंच खुर्ची कुठे असते आणि भिंतीपासून किती लांब? कारण फ्रेम किती मोठी करायची ते भिंतीच्या मापावर नाही, तुमच्या डोळ्यावर ठरतं.

सगळे जण फ्रेम नेऊन भिंतीजवळ उभी करतात आणि मग पूर्ण भिंत झाकायला भिंतीएवढीच फ्रेम लागते. तुम्ही भिंतीला काही ठोकणारच नाही आहात तर भिंतीपाशी जायचंच कशाला? पुढे आणा की. समजा खुर्ची भिंतीपासून ४ मीटरवर आहे. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १.१५ मीटरवर असतो. भिंत ३ मीटर, म्हणजे डोळ्याच्या वर १.८५ मीटर झाकायची आहे. फ्रेम बरोबर निम्म्या अंतरावर ठेवली तर निम्मीच उंची पुरते, ०.९३ अधिक १.१५, झाले २.१ मीटर. रुंदीलाही हाच नियम, ४ मीटरची भिंत २ मीटरच्या फ्रेममागे जाते. तुम्ही रुंदी २ मीटर धरलीच आहे, उंची थोडी वाढवा की बसल्या जागेवरून भिंत गायब. उभं राहिलं की वरून एक पट्टी दिसेल, तेवढं चालवून घ्या.

खर्च करायच्या आधी दोन काठ्यांना जुनी चादर बांधा, घरातल्या दोघांना धरून उभं करा आणि तुम्ही खुर्चीत बसून पुढे-मागे सरकवायला सांगा. दहा मिनिटांत कळेल. मागे जी जागा उरते ती वाया जात नाही, पाण्याचा पाइप, खताची पोती, रिकाम्या कुंड्या, सायकल, जे जे दिसू नये ते सगळं तिथे.

आणि आणखी एक, माझं मत आहे, पटलं तर घ्या. पूर्ण भिंत झाकायच्या मागे लागू नका. नजर जवळच्या रंगावर थांबते, मागचं हळूहळू दिसेनासं होतं. तो पाइप आणि तो ओघळ फुलांच्या मागे गेला तरी ८० टक्के काम झालं.

---

पाना_पक्कड

मातीत_हात यांचा मुद्दा १०० टक्के बरोबर, पण त्याने माझं काम वाढवलं. भिंतीजवळची फ्रेम मागे पडूच शकत नाही, भिंत अडवते. अंगणाच्या मधोमध असलेली फ्रेम दोन्हीकडे पडू शकते. तेव्हा आता हिशोब.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर दाब चौपट. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात दर चौरस मीटरला साधारण ६ किलो, ताशी ७२ ला २५ किलो. नवीन फ्रेममधून वारा आरपार जातो तेव्हा काही जाणवत नाही, झाडं भरली की तिचं शीड होतं. तुमची फ्रेम २ मीटर रुंद आणि हिरवा भाग १.७ मीटर उंच धरला तर ३.४ चौरस मीटर, म्हणजे वादळी वाऱ्यात ८५ किलोचा धक्का, तोही जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर. नुसते चार पाय आणि त्यावर विटा ठेवून हे थांबणार नाही.

उपाय सोपा आहे, फ्रेमचा पाया म्हणजेच मातीची एक लांब पेटी. २ मीटर लांब, ४० सेंटीमीटर उंच, आणि खोली म्हणजे पुढून मागेपर्यंतचं माप ६० सेंटीमीटर. फ्रेमचे उभे पाइप पेटीच्या तळापर्यंत न्या आणि तळाच्या चौकटीला वेल्ड करा, माती त्यांच्यावर बसली पाहिजे. ओल्या मातीने भरलेली ही पेटी ७०० किलोच्या आसपास जाते, मग ती हलवायची तर घरातल्या सगळ्यांना बोलवावं लागेल. ४५ सेंटीमीटर खोलीची केली तर वरच्या हिशोबात जेमतेम पास होते, आणि माती कोरडी असली की तेही नाही. त्यामुळे ६० च करा. घरात मूल आहे म्हणालात, तर आडव्या पाइपांची शिडी होणार नाही असं बघा. खालच्या मीटरभरात आडवं काहीच नको, तिथे उभी जाळी लावा.

हे सगळं जमिनीवर असेल तरच हं. गच्ची किंवा बाल्कनीवाले वाचत असतील तर थांबा. घराचे स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलोच्या आसपासचं वजन धरून केलेले असतात आणि ही पेटी एका चौरस मीटरला ६०० च्या घरात जाते. इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही.

---

थेंबे_थेंबे

पाण्यावर मी लिहितो, माझा आवडता विषय.

उभ्या बागेत एकच रोग असतो, वरची ओळ वाळते आणि खालची कुजते. झारीने घाला, पाइपने घाला, हेच होणार, कारण वरचं पाणी झिरपत खाली येतं आणि वारा-ऊन वरच्या ओळीला जास्त लागतं. म्हणून ड्रिप म्हणजे ठिबक, पण ड्रिपमध्येही दोन भानगडी आहेत.

एक म्हणजे दाब. दर मीटर उंचीला पाण्याचा दाब ०.१ बारने कमी होतो. नळाला १ बार दाब असेल तर वरच्या आणि खालच्या ओळीत थोडाच फरक पडेल, चालून जातं. पण लोक काय करतात, स्टुलावर ड्रम ठेवतात आणि त्याला ड्रिप जोडतात. ड्रमची पातळी वरच्या ओळीच्या जेमतेम वर, म्हणजे खालच्या कुंडीत धार आणि वरच्या कुंडीत काहीच नाही. ड्रमवर चालवायचं असेल तर तो वरच्या ओळीच्या निदान दीड-दोन मीटर वर हवा. नाहीतर सरळ नळाला जोडा, मध्ये फिल्टर टाका आणि प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर घ्या, ताशी २ लिटरवाले. यात दाब कमी-जास्त झाला तरी थेंब सारखाच पडतो. दुकानात नुसते पीसी ड्रिपर म्हटलं तरी कळतं.

दुसरी भानगड नळ बंद केल्यावरची. पाइपमध्ये उरलेलं सगळं पाणी सगळ्यात खालच्या ड्रिपरमधून गळत राहतं, टप टप, बराच वेळ. रोज दोनदा असं झालं की खालच्या दोन-तीन कुंड्या कायम चिखल. यावर अँटी-ड्रेन म्हणून ड्रिपर मिळतात, दाब गेला की स्वतःच बंद होतात. ते नाही मिळाले तर प्रत्येक ओळीला वेगळा छोटा कॉक द्या.

टायमर लावाच. एकदम २० मिनिटं पाणी देण्यापेक्षा ३-४ मिनिटं दिवसातून दोन-तीनदा. दीड लिटरच्या कुंडीत पाणी धरायला जागाच किती असते, जास्तीचं सगळं खाली येतं, आणि येताना खत घेऊन येतं. वरून आलेलं ते पाणी पाना_पक्कड यांच्या पेटीत पडलं की ती आपोआप भिजते, तिला वेगळं पाणी फारसं लागणार नाही.

कापडी खिशांबद्दल विचारलंय म्हणून, मला विचाराल तर नको. पॅरिसला के ब्रान्ली म्युझियमची जी हिरवी भिंत सगळ्यांनी फोटोत बघितलेली असते, पॅट्रिक ब्लां या वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेली, तिच्यात मातीच नाही. धातूची फ्रेम, त्यावर पीव्हीसीचा पत्रा, त्यावर फेल्टचे (दाबून केलेल्या जाड कापडाचे) थर, आणि पंपाने आपोआप खताचं पाणी. ती यंत्रणा आहे म्हणून ते कापड चालतं. घरी नुसते खिसे आणून माती भरली की कापडाच्या सगळ्या बाजूंनी पाणी उडून जातं आणि बाहेरून पांढरे क्षार धरतात. हात लावला की खडूसारखी पूड बोटाला येते. तेच क्षार आत मुळांपाशीही असतात.

---

मोगरा_कळी

खिशांबद्दल थोडं वेगळं मत. पूर्ण सावलीच्या भिंतीवर फर्न आणि मनीप्लांट लावले तर खिसे टिकतात, आमच्याकडे छान आहेत. पण हो, फुलांसाठी नाही, ते मान्य.

---

थेंबे_थेंबे

@मोगरा_कळी सावलीत चालतील, बरोबर. ताईंना फुलं हवीत म्हणून मी तोडून बोललो.

---

मातीत_हात

फुलांचं मी सांगते. आधी मनाची तयारी करा, सगळीच फुलं नकोत. निम्म्याहून जास्त पानंच ठेवा आणि त्यात फुलं पेरा. कारण हंगामी फुलझाडं तीन-चार महिन्यांत थकतात, आणि ४० च्या ४० एकदम थकली की भिंतीपेक्षा भयाण दिसतं. पानांची झाडं वर्षभर फ्रेम भरलेली ठेवतात.

म्हणूनच कुंड्या. फ्रेमला गोल रिंगा लावून घ्या आणि कुंडी रिंगेत नुसती बसवायची, बांधायची नाही. एक मावळली की उचलायची, मागच्या जागेत तयार होत असलेली दुसरी ठेवायची. आठ-दहा कुंड्या कायम मागे राखीव असल्या की समोरून कधीच रिकामं दिसत नाही. खिशात हे जमत नाही, तिथे झाड उपटावं लागतं.

४-५ तासांचं सकाळचं ऊन म्हणजे चांगलीच जागा आहे. वरच्या दोन ओळींत पोर्तुलाका आणि सदाफुली, दोघांनाही पाणी थोडं कमी पडलं तरी चालतं आणि वर नेमकं तेच होणार आहे. पोर्तुलाका उन्हातच उमलतो, दुपारी सावली आली की मिटेल, त्याने नाराज होऊ नका. मधल्या ओळींत पेंटास आणि बेगोनिया. पेटुनिया सगळ्यांना हवी असते पण तिला जास्त ऊन लागतं, ४ तासांत ती लांब लांब दांडे काढते आणि फुलं तुरळक, लावायचीच तर ज्या टोकाला ऊन जास्त वेळ राहतं तिथे. खाली टोरेनिया, इम्पेशन्स, नेफ्रोलेपिस फर्न, यांना ओल आवडते. मध्ये मध्ये स्पायडर प्लांट आणि ट्रॅडेस्कॅन्शिया, ही लोंबतात त्यामुळे कुंड्यांची प्लास्टिकं झाकली जातात. रंग दोन किंवा तीनच घ्या. मागे विटकरी आणि काळपट भिंत आहे, तिच्यापुढे गडद लाल-जांभळं बुडून जातं, पांढरा, फिका गुलाबी आणि पिवळा उठून दिसेल.

कुंडीत बागेची माती भरू नका. ओली माती लिटरला पावणेदोन किलोपर्यंत जाते, कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याच्या भुशाचं) मिश्रण त्याच्या निम्म्याच्या आसपास. ४० कुंड्या गुणिले दीड लिटर, फरक तुम्हीच काढा. मी कोकोपीट, कंपोस्ट आणि थोडं परलाइट (पांढरे हलके दाणे) घेते. कोकोपीट धुतलेलं घ्या नाहीतर घरी दोनदा धुवा, त्यात मीठ असतं. आणि कोकोपीटला स्वतःचं असं काही पोषण नाही, ड्रिपचं पाणी असलेलंही वाहून नेतं, त्यामुळे दर आठवड्याला पातळ द्रवखत, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या प्रमाणात. कुंड्या काळ्या नकोत, उन्हात मुळं भाजतात.

---

वेलबुट्टी

सगळं वाचलं, छान आहे, पण मला प्रामाणिकपणे कळत नाही की एवढी मोठी मातीची पेटी खाली करताच आहात तर ४० कुंड्या हव्यात कशाला? पेटीत चार वेल लावा, फ्रेमला जाळी मारा, झालं. ड्रिपर ४० च्या जागी ४. मुळांना ४०० लिटर माती मिळते त्यामुळे एक दिवस पाणी चुकलं तरी काही होत नाही. कुंडी-भिंत म्हणजे पाळलेलं काम आहे, सुट्टीला गेलात आणि टायमरचा सेल संपला की आल्यावर सगळं जळालेलं.

गोकर्ण, थनबर्जिया, कृष्णकमळ लावा. गोकर्ण आणि थनबर्जिया स्वतः गुंडाळत वर जातात, त्यांना बारीक तार पुरते, जाड पाइपाला ते गुंडाळू शकत नाहीत. कृष्णकमळ ताणे काढून धरतं. बोगनवेल धरत नाही, बांधावी लागते आणि काटे, मूल असेल तर नकोच. मधुमालती लावू नका, ती तुमची फ्रेम ओलांडून शेजाऱ्यांकडे जाईल. आयव्ही आणि भिंतीला चिकटणारा फायकस तर अजिबात नको, त्यांची मुळं भिंत धरतात आणि ओढून काढले तरी खुणा राहतात, वाद तिथेच सुरू.

---

मातीत_हात

@वेलबुट्टी मुद्दा बरोबर आहे पण वेल भरायला वेळ लागतो आणि ते बुडाशी उघडे पडतात, फुलं सगळी वर जातात. बसलेल्या माणसासमोर नुसते दांडे. म्हणून खालच्या मीटरभरात दुसरं काहीतरी लागतंच.

---

वेलबुट्टी

ते खरंय. कोवळे असताना आडवे बांधत नेले तर बुडाशीही फुटतात पण तेवढा धीर कुणाला असतो.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

बापरे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. खूप खूप आभार सगळ्यांचे.

काल चादर धरून बघितली, नवरा आणि सासूबाई दोघंही हसत होते पण काम झालं. निम्म्यावर आणली तर मुलाला खेळायला जागा उरत नाही, म्हणून भिंतीपासून सव्वा मीटरवर ठेवायचं ठरवलं. तिथे २.४ मीटर उंची लागते असं दिसतंय, तेवढी उंच नको, २.१ च ठेवू, पाइप आणि ओघळ झाकला जातोय. वरची वीट दिसू दे.

आणि वेल आणि कुंड्या दोन्ही करू असं वाटतंय. पेटीत दोन्ही टोकांना एकेक थनबर्जिया आणि मध्ये २० कुंड्या. हे चालेल का? आणि नवरा म्हणतोय पेटीला खाली चाकं लावू म्हणजे सरकवता येईल, त्याला काय सांगू?

---

पाना_पक्कड

चाकं नको म्हणून सांगा. ७०० किलो मातीवर चाकं रुततात आणि फरशीवर असती तर ब्रेक सुटला की पुढे काय ते बोलायला नको. पेटीखाली माती ठोकून सपाट करा, खडीचा १० सेंटीमीटरचा थर द्या आणि त्यावर पेटी ठेवा. लेव्हल बघून घ्या, तळात एका बाजूला जरी २ सेंटीमीटर फरक राहिला तरी वर टोकाला फ्रेम चांगलीच कललेली दिसते. पेटीच्या तळाला भोकं, आणि आतून जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं कापड) घाला, म्हणजे माती खडीत जाणार नाही.

२० कुंड्यांना हरकत नाही, फक्त त्या मधोमध सारख्या वाटून लावा, एका बाजूला नको.

---

वेलबुट्टी

चालेल, फक्त थनबर्जियाचा शेंडा दर आठवड्याला कुंड्यांच्या रिंगांवरून सोडवून जाळीवर न्या. एकदा का रिंगेला गुंडाळला की कुंडी उचलता येत नाही आणि मातीत_हात यांची अदलाबदलीची सगळी योजना बसली.

---

थेंबे_थेंबे

दोन वेगळ्या लाइन घ्या, कुंड्यांची एक आणि पेटीची एक, टायमरही दोन तोंडांचा. दोघांची तहान वेगळी आहे. आणि फ्रेम रंगवायच्या आधी ड्रिपचा पाइप कुठून जाणार ते ठरवून क्लिपांची भोकं पाडून घ्या, नंतर पाडली की रंगाच्या आतून गंज.

---

मोगरा_कळी

फोटो टाका झाल्यावर, आधीचा पण. ओघळासकट.